न्यूझीलंडची रंगीत तालीम

नसीम आपांनी मला पहिल्यांदा विमानात बसवलं ते आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये. तीन खुर्च्या एकमेकींना चिकटवून भिंतीला लावल्या होत्या आणि गुडघ्यांना टेकेल असं एक बाक पुढं आडवं घातलं होतं. खिडकीशी आपा, मध्ये मी आणि पलीकडं संस्कृतच्या देवधर बाई. देवधर बाईंना कुठंच जायचं नव्हतं, पण तिसरा प्रवासी पाहिजे म्हणून त्यांना धरून आणलं होतं. लागोपाठ दोन ऑफ तास मिळाले होते, ते दोन्ही आम्ही तसंच बसून काढले. मध्येच देवधर बाई पाणी प्यायला उठायला लागल्या, तर आपा म्हणाल्या, "नक्को. आत्ता जेवणाची गाडी रस्त्यात हाय."

त्या दिवशी शिपाईसुद्धा दारात येऊन बघून गेला. त्याला विमानाचं काही नव्हतं, आपा बसल्यात याचंच नवल होतं. चौतीस वर्षं त्यांनी उस्मानपुऱ्यातल्या आमच्या मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवली, आणि एवढ्या काळात त्यांना स्टाफरूममध्ये बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. "बसलं की बसलंच," असं त्या म्हणायच्या. चहा उभ्यानं, डबा उभ्यानं. उंच, सडपातळ बांधा, ओढणीची कमरेला गाठ, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी. कमीजच्या खिशात फुटाणे असायचे. मैदानावर एखादी मुलगी रडायला लागली की तिच्या हातावर चार फुटाणे ठेवून म्हणायच्या, "आधी खा, मग रड." फुटाणे संपेपर्यंत रडायचं कारण बहुतेक वेळा मागं पडलेलं असायचं.

त्यांचं दुसरं ठरलेलं वाक्य म्हणजे, "दमलीस म्हंजे पोचलीस नाय." शर्यतीत मध्येच थांबणाऱ्या प्रत्येक मुलीनं ते ऐकलेलं आहे. मी त्यांच्याहून अकरा वर्षांनी लहान, भूगोल शिकवते, आणि कधीच धावत नाही, तरी मलाही ते आठवड्यातून दोनदा ऐकावं लागायचं.

पण आपांचा खरा विश्वास तालमीवर होता. सव्वीस जानेवारीच्या संचलनाची तालीम आमच्याकडं दिवाळीची सुट्टी संपली की सुरू व्हायची. पाहुण्यांना हार घालायचीही तालीम असायची, आणि पाहुण्यांच्या जागी शिपाई मान वाकवून उभा राहायचा. अशा बाईनं निवृत्तीनंतर महिनाभर न्यूझीलंडला जायचं ठरवल्यावर काय होणार, हे आम्हाला आधीच कळायला हवं होतं.

न्यूझीलंड आलं ते निवृत्तीच्या आदल्या जूनमध्ये, प्रतिभामुळं. प्रतिभा आपांची जुनी विद्यार्थिनी, पोटरीत गोळा आला तरी पळत राहणारी. ती तिकडं नर्स आहे. तिनं एक फोटो पाठवला होता. मागं बर्फाचे डोंगर, खाली निळंशार पाणी, आणि लाल जाकीट घातलेली प्रतिभा एका दगडावर पाय ठेवून उभी. फोटोच्या मागं लिहिलं होतं, "मॅडम, दमले, पण पोचले." आपांनी तो फोटो आठवडाभर खिशात फुटाण्यांबरोबर वागवला. मग एक दिवस मधल्या सुट्टीत माझ्यापुढं धरून म्हणाल्या, "हितं जायाचं. डोंगर चढायचे, होडी मारायची, तंबूत झोपायचं. एक महिना. तू चलतीस माझ्यासंगं."

त्या विचारत होत्या की सांगत होत्या, ते मला कळलं नाही. मी मान हलवली. कुठल्या दिशेनं हलवली ते आजही नीट सांगता येणार नाही, पण आपांनी ती 'हो'ची धरली.

आणि सगळं त्या मानेवरच येऊन थांबलं. आपा शहागंजात थोरल्या भावाच्या घरी वरच्या मजल्यावर राहायच्या. भाईजानचं गुलमंडीत चपलांचं दुकान. वडील लवकर गेले, तेव्हापासून त्यांनीच बहिणीला वाढवलेलं. त्यांनी एकच अट घातली. "वंदना बेटी साथ है तो जा. अकेली नहीं." मी गेले तर आपा जाणार, मी नाही तर आपाही नाही, इतकं साधं होतं ते. माझ्या घरून कुणीतरी मोडता घालेल अशी मला आशा होती. नवरा म्हणाला, "जाऊन ये की, घरचं मी बघतो." सासूबाईंनी शेजारणींना सांगूनही टाकलं. कुणीच आडवं येईना, तेव्हा माझी खरी पंचाईत झाली. मला जायचंय की नाही हे आता मलाच ठरवावं लागणार होतं, आणि ते काम मला कधीच जमलेलं नाही.

महिना ठरला मे. त्यावर चर्चाच झाली नाही. मे सोडून माणूस प्रवासाला निघू शकतो हे आमच्या स्टाफरूममध्ये कुणाच्या डोक्यात येत नाही. आमची लग्नं मेमध्ये, माहेरपण मेमध्ये, मोतीबिंदूचं ऑपरेशनसुद्धा मेमध्ये. आपा एप्रिलअखेर निवृत्त होणार होत्या, मला मेची सुट्टी होती, सगळं जुळत होतं.

आपांनी जुन्या वेळापत्रकाच्या तक्त्याच्या पाठीवर महिना आखला. तीस उभे रकाने, प्रत्येक दिवसाचे आठ तास. पहिला तास चढण, दुसरा तास चढण, मग छोटी सुट्टी, तिसरा तास होडी. शनिवारी अर्धा दिवस. प्रतिभाच्या गावाहून निघून कुठल्या तळ्याला जायचं, कुठल्या दरीत दोन दिवस चालायचं, सगळं रंगीत पेन्सिलींनी. तक्ता पहिल्याच रकान्यात अडला. विमान सोमवारी निघत होतं आणि बुधवारी पोचत होतं.

"मंगळवार कुटं गेला गं?" आपांनी विचारलं.

"तो वाटेत जातो. येताना परत मिळतो."

"मंगळवारच मिळतो?"

ते मला सांगता येईना. म्हणून मी डब्यातली मोसंबी काढली, पेनानं तिच्यावर एक ठिपका आपल्या गावाचा काढला, एक खाली न्यूझीलंडचा, आणि ट्यूबलाइटला सूर्य मानून मोसंबी फिरवायला लागले. वीस वर्षं मी हे वर्गात करते आहे. त्या दिवशी मोसंबी कुठल्या बाजूनं फिरवायची तेच विसरले. मंगळवार काही सापडला नाही, पण तिकडं दुपारी सूर्य उत्तरेला दिसतो एवढं मी ठासून सांगितलं. आपांना त्याची काळजी वाटली, कारण मुलींच्या डोळ्यांवर ऊन येऊ नये असं बघूनच त्या रांगा लावत.

"म्हंजे तिथं सगळं उलटं?"

"हो, सगळं उलटं," मी म्हणाले, आणि आम्ही मोसंबी सोलून खाल्ली. सगळं उलटं म्हटल्यावर ऋतूही उलटे, हे फोडी तोंडात असताना दोघींपैकी एकीच्याही मनात आलं नाही. निदान मी तरी अजूनपर्यंत असंच सांगत आले आहे. मंगळवारच्या रकान्यात आपांनी 'राखीव' लिहिलं.

मग खऱ्या तालमी सुरू झाल्या. दर रविवारी सकाळी दौलताबादचा किल्ला, पाठीवर पिशवी, पिशवीत आठ किलो ज्वारी. पहिल्या रविवारी दारावरच्या माणसानं पिशवी उघडून बघितली आणि विचारलं, "वर दळायचंय का बाई?" दुसऱ्या रविवारी अंधारीत, म्हणजे किल्ल्याच्या त्या काळोख्या भुयारात, मी आपांना हरवलं. पुढं कुठल्यातरी शाळेची सहल होती, मागं वटवाघळं, आणि मला वर कुठलं नि खाली कुठलं तेच समजेना. मी "आपा" म्हणून हाक मारली. उत्तरादाखल काळोखात शिट्टी वाजली. माझं जे व्हायचं ते झालंच, पण पुढची अख्खी सहल जागच्या जागी सावधानमध्ये उभी राहिली. त्यांच्या सरांना मुलं का हलत नाहीत ते बराच वेळ कळलं नाही.

होडीच्या तालमीला आम्ही पैठणला गेलो. जायकवाडीच्या पाण्यावर मासे धरणारा एक म्हातारा आपांनी गाठला आणि त्याची होडी तासाभरासाठी मागून घेतली. तो मागच्या टोकाला बसला, आम्ही दोघी मध्ये, हातात एकेक वल्हं. अर्धा तास घाम गाळला. होडी गोल गोल फिरत होती. किनाऱ्यावरचं बाभळीचं झाड डावीकडून यायचं, उजवीकडं जायचं, आणि पुन्हा डावीकडून यायचं. म्हाताऱ्यानं शांतपणे बिडी ओढून संपवली आणि विचारलं, "तुमाला जायाचं कुटं हाय बाई?"

"न्यूझीलंडला," आपा म्हणाल्या.

म्हाताऱ्यानं जरा विचार केला. "मंग ह्या अंगानं नाय," तो म्हणाला.

परतीच्या एसटीत आपा हसून हसून बेजार झाल्या. मीही हसले. मला त्यांच्याबरोबर असायला फार आवडायचं, हे इथं सांगितलं पाहिजे. तालमी मला मनापासून आवडत होत्या. फक्त, तालीम संपली की त्यापुढं खरंच जायचं असतं, हा विचार मला नको वाटायचा. मग मी ठरवायचे की उद्या आपांना स्पष्ट सांगायचं. आणि उद्या काय सांगायचं, हो की नाही, तेच ठरायचं नाही.

मार्चमध्ये प्रतिभाचा फोन आला. मधली सुट्टी होती. आपांनी सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकर लावला आणि फोन टेबलावर ठेवून तक्ता वाचून दाखवायला सुरुवात केली. तिसऱ्या रकान्यापर्यंत प्रतिभानं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मॅडम, हे मेचं सांगताय तुम्ही?"

"व्हय. मेचंच."

"मेमध्ये इथं थंडी सुरू होते, मॅडम. वरच्या वाटांवर बर्फ यायला लागतो. तुम्ही म्हणताय त्यातल्या निम्म्या वाटा तेव्हा बंद असतात. डिसेंबरात या ना. इथला उन्हाळा तेव्हा असतो."

आधी देवधर बाईंनी माझ्याकडं बघितलं, मग बाकीच्यांनी. भूगोलाच्या बाई मीच होते. नववीला दक्षिण गोलार्ध मी जानेवारीतच शिकवला होता, आणि तिथं नाताळ उन्हाळ्यात येतो हे फळ्यावर लिहून त्याखाली दोनदा रेघ ओढली होती. त्या दोन रेघा मला त्या क्षणी डोळ्यांसमोर दिसल्या. आणि खरं सांगायचं तर, सगळ्यात आधी मला हायसं वाटलं. लाज त्याच्या मागून आली.

डिसेंबरात मला महिनाभर सोडायला शाळा तयार होणं शक्यच नव्हतं. आजारपणाचा दाखला काढते म्हणाले, तर आपांनी तिथंच तोडलं. "खोटं आजारपण काढू नक्को. खरं येतं मागनं." तक्ता त्यांनी गुंडाळून कपाटावर ठेवला. मे आला आणि गेला. त्याआधी त्यांचा निरोपसमारंभ झाला, त्यात त्या पूर्ण वेळ खुर्चीत बसून होत्या, आणि ते मला बघवलं नाही.

जूनमध्ये मी शहागंजात गेले. आपा गच्चीवर वाळवणाला राखण बसल्या होत्या. बराच वेळ इकडचं तिकडचं झालं. मग त्यांनी सरळ विचारलं, "तुला माहीत होतं का गं?"

नाही म्हणायला मी तोंड उघडलं आणि ते येईना. "मला खरंच सांगता येत नाही, आपा," मी म्हणाले. "माहीत तर असणारच. दरवर्षी शिकवते. पण मेचं ठरलं तेव्हा आठवलं नाही, की आठवू दिलं नाही, ते मला कळत नाही. मला भीती वाटत होती. कशाची, तेही कळत नाही." आणि मी रडायला लागले.

मला वाटलं त्या रागावतील. त्या पापड उलटत राहिल्या. "हौ, होतं असं," त्या म्हणाल्या. "शर्यतीच्या आदी पोरी सांगत्यात, मॅडम पाय मुरगळला. त्या खोटं नाय बोलत. त्यांचा पाय खरंच दुखतो."

"मग तुम्ही काय करता?"

"काय करायचं. तिला बसवायचं, आन दुसरीला पळवायचं. आता इथं दुसरी कुटनं आणू?" एवढं बोलून त्या उठल्या आणि खाली चहा टाकायला गेल्या. मला त्या वाक्याचा अर्थ दिवाळीच्या सुट्टीत लागला.

दिवाळीनंतर तिसऱ्या दिवशी भाईजान सकाळी माझ्या दारात. चेहरा उतरलेला, हातात चिठ्ठी. "तालमीला जाते. रविवारी येते. काळजी नको." खाली सही, आणि फोन घरीच उशाखाली. आपा एकट्याच निघून गेल्या होत्या, आणि भाईजाननी दोन दिवस कुणाला न सांगता वाट बघितली होती. भाईजानच्या मते त्या हैदराबादला भाचीकडं गेल्या असाव्यात, नाहीतर जीवच दिला असावा. माझं चित्त मात्र फर्दापूरकडं जात होतं. अजिंठ्याच्या वरचा व्ह्यू पॉइंट आणि तिथून दरीत उतरणारी वाट चढण्याउतरण्याची तालीम आम्ही ठरवली होती, ती राहून गेली होती. भाईजानच्या जुन्या गाडीतून आम्ही निघालो. सिल्लोड मागं पडलं. मग एकदम म्हणाले, "बेटी, मैंने उसको कभी रोका नहीं. बस अकेली नहीं छोडा. ये रोकना हुआ क्या?"

फर्दापुरात दुसऱ्याच लॉजवर त्या सापडल्या. पायरीवर बसून मोजे धूत होत्या. बाजूला ज्वारीची पिशवी. दोन दिवस त्या रोज दोनदा व्ह्यू पॉइंट चढत-उतरत होत्या, एकट्या जेवत होत्या, एकट्या झोपत होत्या. आम्हाला बघून त्या दचकल्या नाहीत की उठल्याही नाहीत. "रविवारी येते म्हणून लिहिलं व्हतं की," एवढंच म्हणाल्या.

भाईजान तरातरा पायरीपाशी गेले. काहीतरी मोठं बोलणार असं वाटलं. मग त्यांची नजर पायरीवर वाळत घातलेल्या बुटांवर गेली. ते त्यांच्याच दुकानातले होते. त्यांनी एक बूट उचलला, तळवा अंगठ्यानं दाबून बघितला, टाचेजवळ सुटलेला भाग ओढून बघितला. "सोल उखड रहा है," ते म्हणाले. "वहां नहीं चलेगा. दूसरा देता हूं." आपांनी मान खाली घातली आणि मोजे पिळत राहिल्या. डोळ्यांतलं पाणी त्यांनी ओल्या हातानंच पुसलं, त्यामुळं कुणाला काही कळलं नाही असं त्यांना वाटलं असावं.

डिसेंबरात आपा गेल्या, महिन्यानं परत आल्या. नाकावरची कातडी निघालेली होती आणि डावा अंगठा काळानिळा. आता भाईजानही नाहीत, त्या हैदराबादला भाचीकडं असतात. त्या महिन्याबद्दल विचारलं तर लई बोलत नाहीत. मीही फार विचारत नाही. मला आपा आठवतात त्या निघायच्या दिवशीच्या.

सकाळचं मुंबईचं विमान होतं. चिकलठाण्याला विमानतळाच्या दाराशी भाईजान सामान उतरवून गाडी लावायला गेले आणि आम्ही दोघीच उरलो. आपांनी तिकीट आणि पासपोर्ट हातात धरला होता. दाराकडं दोन पावलं गेल्या आणि वळून आल्या. माझं मनगट धरलं. इतकं घट्ट, की बांगडी रुतली.

"वंदना, मला नाय जमणार," त्या म्हणाल्या. "कसं बोलू तिथं, काय खाऊ, कुणाला विचारू. घरी जाऊ आपण. चल ना."

त्यांना गाडीत घालून घरी न्यावं, असं मला आतून वाटलं. त्यांनी जावं, असंही तितकंच वाटलं. यातलं त्यांच्यासाठी कुठलं आणि माझ्यासाठी कुठलं, हे मला तेव्हा वेगळं करता आलं नाही, आणि आजही येत नाही. माझ्या एका शब्दावर त्या परत फिरल्या असत्या.

"जा, आपा," मी म्हणाले.

त्या हलल्या नाहीत. मग मी त्यांची बोटं माझ्या मनगटावरून एक एक करून सोडवली. शेवटचं बोट त्यांनी आपणहून सोडलं. पिशवी खांद्याला लावली आणि दारातून आत गेल्या.

दारावरच्या जवानानं मला विचारलं, "मॅडम, आपका टिकट?"

"नाही," मी म्हणाले. "मी जात नाहीये. त्या एकट्याच जाणार आहेत." दीड वर्षात मी हे पहिल्यांदाच मोठ्यानं म्हणत होते.

काचेआड आपा दिसत होत्या. त्या चुकीच्या रांगेत उभ्या होत्या. पलीकडची पाटी मला बाहेरून वाचता येत होती, त्यांना दिसत नव्हती. मी काचेवर हात आपटणार, तेवढ्यात त्यांनी पुढच्या माणसाच्या खांद्याला बोट लावून काहीतरी विचारलं. त्यानं हातानं दाखवलं. आपांनी मान डोलावली, पिशवी उचलली, आणि बरोबर रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.